गाठ कुठे संपते? शस्त्रक्रियेच्या यंत्रांची परीक्षा कशावर होते

स्तनातली कर्करोगाची गाठ काढताना सर्जनपुढे एक प्रश्न असतो. ऐकायला तो अगदी साधा आहे: कापणे कुठे थांबवायचे? कमी कापले तर रोगाच्या पेशी आत राहतात. जास्त कापले तर चांगला भाग जातो आणि स्तनाचा आकार बिघडतो. गाठ हाताला लागते, पण तिची कड नेमकी कुठे आहे हे हाताला कळत नाही. रोग कधी कधी झाडाच्या मुळ्यांसारखा आजूबाजूला पसरलेला असतो आणि तो भाग डोळ्यांना शेजारच्या निरोगी भागासारखाच दिसतो.

आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही बऱ्याच आया-बहिणींची समजूत अशी आहे की स्तनाचा कॅन्सर म्हणजे स्तन काढणे आलेच. त्या भीतीने गाठ पदराआड लपवली जाते, महिने जातात. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन हॅल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तिच्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळेच काढत. पुढची कित्येक दशके हाच नियम होता. मग इटलीत मिलान येथे डॉ. वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर अभ्यास केला. त्यांच्या गाठी दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्हत्या. निम्म्या स्त्रियांचा स्तन पूर्ण काढला, निम्म्यांचा फक्त गाठीचा भाग काढून रेडिएशन दिले, ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक’ म्हणतात. अमेरिकेत डॉ. फिशर यांनीही असाच मोठा अभ्यास केला. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे उत्तर एकच होते: स्तन वाचवला म्हणून आयुष्य कमी झाले नाही.

हे सर्वांना लागू पडत नाही. गाठ फार मोठी असेल, अनेक ठिकाणी असेल किंवा रेडिएशन देणे शक्य नसेल, तर पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरू शकते. पण ज्यांना स्तन वाचवता येतो, त्यांच्या बाबतीत सुरुवातीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. गाठ कुठे संपते?

आज याचे खात्रीचे उत्तर शस्त्रक्रियेनंतर मिळते. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जातो. तिथे त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर शाई लावतात, मग पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या, तर रोग कापाच्या रेषेपर्यंत होता, म्हणजे आतही राहिला असू शकतो. शाईला पेशी टेकलेल्या नसतील तर कड स्वच्छ. या तपासणीला काही दिवस लागतात, तोवर बाई टाके घेऊन घरी आलेली असते. इंग्लंडमध्ये २००५ ते २००८ या काळात स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या पंचावन्न हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत पाचपैकी एकीला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जावे लागले होते.

दुसऱ्यांदा ऑपरेशन म्हणजे काय, हे धुणीभांडी करणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको. पुन्हा खाडा, पुन्हा कुणाला तरी सोबत न्यायचे, पुन्हा भूल, आणि रेडिएशन पुढे ढकलले जाते. म्हणून जगभर प्रयत्न चालू आहेत की कड शस्त्रक्रिया चालू असतानाच दिसावी. हाताला न लागणाऱ्या लहान गाठीपर्यंत सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या मदतीने बारीक तार घालून ठेवतात आणि सर्जन त्या तारेच्या मागाने जातो. काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे घेतात. ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफी करतात. आणि अलीकडची वाट म्हणजे शरीरात असे औषध द्यायचे की विशिष्ट प्रकाशात रोगाचा भाग चमकेल आणि कॅमेऱ्यावर दिसेल.

आता खरा पेच. अशा एखाद्या नव्या कॅमेऱ्याने दाखवले की ‘इथे रोग आहे’, तर तो खरे सांगतो हे कशावरून? आणि ‘इथे काही नाही’ म्हणाला तर? रुग्ण स्त्रीच्या शरीरात खरे उत्तर आधी कुणालाच माहीत नसते. म्हणून संशोधक असा एक स्तन तयार करतात ज्याच्या आत काय आहे, कुठे आहे, किती मिलिमीटरचे आहे, हे बनवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अशा नकली अवयवाला ‘फँटम’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भूत. नाव गमतीचे आहे, पण काम फार गंभीर आहे.

पूर्वी नवी शस्त्रक्रिया थेट माणसांवर शिकत, आणि ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हते त्यांच्यावर आधी शिकत. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने स्त्रीरोगावरची आपली शस्त्रक्रिया गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा करून बसवली. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावे इतिहासात राहिली आहेत. जेलीचा स्तन हातात घेतल्यावर हा इतिहास आठवला पाहिजे असे मला वाटते. नवे यंत्र पहिल्यांदा चुकते तेव्हा ते जेलीवर चुकावे.

हे फँटम कसे बनते ते समजण्यासाठी आधी घरी तीन छोटे प्रयोग करून पाहा, मुलांनाही दाखवा.

खोलीत अंधार करा आणि मोबाइलच्या टॉर्चवर बोटे घट्ट ठेवा. टॉर्च पांढरा आहे, पण बोटांतून बाहेर येतो तो लाल प्रकाश. रक्त बाकीचे रंग शोषून घेते, लाल मात्र बराचसा पुढे जाऊ देते. शिवाय बोटातली हाडे दिसत नाहीत, नुसता लाल उजेड दिसतो. असे का, हे दुसऱ्या प्रयोगात कळते. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, ग्लासामागे अक्षरे लिहिलेला कागद धरा आणि पाण्यात थेंब थेंब दूध टाका. काही थेंबांतच अक्षरे पुसट होतात. दुधातले चरबीचे सूक्ष्म कण प्रकाशाला सरळ जाऊ देत नाहीत, तो इकडेतिकडे विखुरतो. आपल्या शरीरातही असेच होते. तिसरा प्रयोग: टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकतो. हा लालच्या पलीकडचा, म्हणजे अवरक्त प्रकाश. तो डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि शरीरात लाल प्रकाशापेक्षाही खोलवर जातो.

हे तीन गुण नकली स्तनात उतरवायचे असतात. त्याचा गाभा बहुधा जिलेटिनचा असतो. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघणारे हे जिलेटिन जेली बनवायला वापरतात. काही जण अगर वापरतात, ज्याला दुकानात चायना ग्रास म्हणतात. कोमट द्रावणात हिमोग्लोबिन घालतात. ते रक्ताचे काम करते, प्रकाश शोषते. मग दुधाच्या जागी इंट्रालिपिड नावाचे पांढरे द्रावण घालतात. सोयाबीन तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळून ते बनते आणि तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णाला सलाइनसारखे शिरेतून देतात. प्रयोगशाळेत त्याचे काम प्रकाश विखुरण्याचे. हे सगळे स्तनाच्या आकाराच्या साच्यात ओतून थंड करतात.

गाठ वेगळी बनवतात. तिच्यात जिलेटिन जास्त घालतात, कारण खरी कर्करोगाची गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा टणक असते. बोटाला तसेच लागायला हवे. आणि तिच्यात चमकणारे औषध घालतात. त्यांतले एक जुने म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. हिरव्या रंगाचे हे औषध अमेरिकेत १९५९ पासून मान्यताप्राप्त आहे, डोळ्यांच्या आणि यकृताच्या तपासणीत वापरतात. अवरक्त प्रकाश टाकला की ते किंचित वेगळा अवरक्त प्रकाश परत देते आणि कॅमेरा तो टिपतो.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०११ साली असेच जिलेटिनचे स्तन तयार करून त्यांत चमकणाऱ्या गाठी लपवल्या आणि त्यांवर खऱ्यासारखी शस्त्रक्रिया करून पाहिली. साधारण दोन सेंटिमीटर खोलीपर्यंतची गाठ कॅमेऱ्याने बाहेरून दाखवली, त्याखालची नाही. कापल्यानंतर आत मुद्दाम राहू दिलेला तुकडाही कॅमेऱ्याखाली चमकून उठला. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. पण ही मर्यादा सर्जनला आधीच ठाऊक असेल, तर तो कॅमेऱ्यावर नको तेवढा विसंबणार नाही. फँटमची खरी कमाई मला यातच दिसते. यंत्र किती चांगले आहे त्यापेक्षा ते कुठे आंधळे होते, हे त्यावर कळते.

जिलेटिनचा दोष असा की ते काही दिवसांत नासते, आणि इंडोसायनिन ग्रीन पाण्यात फार टिकत नाही. आज तपासलेले यंत्र सहा महिन्यांनी त्याच मापाने तपासायचे तर टिकाऊ नमुना हवा. त्यासाठी सिलिकोन किंवा कडक प्लास्टिक वापरतात. प्रकाश विखुरण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, जे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते, आणि प्रकाश शोषण्यासाठी काळी शाई. हा नमुना वर्षानुवर्षे टिकतो, पण कापता येत नाही. कापून शिकायला जेली आणि मोजून तपासायला प्लास्टिक, अशी विभागणी झाली आहे.

सोनोग्राफीचे नमुने आणखी घरगुती आहेत. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते. नुसत्या जेलीतून त्या आरपार जातात आणि पडदा काळा दिसतो. खऱ्या स्तनासारखे दाणेदार करड्या रंगाचे चित्र यावे म्हणून जेलीत इसबगोल मिसळतात! पोट साफ व्हावे म्हणून आपल्या घरात असते तेच. जगातले बहुतेक इसबगोल भारतात पिकते आणि त्याची मोठी बाजारपेठ गुजरातमधल्या उंझा येथे आहे. परदेशात शिकाऊ डॉक्टर कोंबडीच्या किंवा टर्कीच्या छातीच्या मांसात ऑलिव्ह खोचतात आणि सुईने त्यातला तुकडा घ्यायला शिकतात. आधी ऑलिव्हवर चार वेळा चुकलेला हात बाईच्या स्तनावर कमी चुकतो.

मॅमोग्राफीच्या यंत्रासाठीही नमुना असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचा बरीच वर्षे वापरात असलेला ठोकळा ॲक्रिलिकचा आहे. दाबलेला ४.२ सेंटिमीटर जाडीचा स्तन त्याने दाखवला जातो. आत मेणाच्या तुकड्यात सहा धागे, बारीक कणांचे पाच पुंजके आणि पाच गाठी लपवलेल्या असतात, क्रमाने लहान होत जाणाऱ्या. एक्स-रेमध्ये निदान चार धागे, तीन पुंजके आणि तीन गाठी दिसल्या तरच यंत्र पास. या परीक्षेत अभ्यासक्रम उघड असतो, तरी यंत्रे नापास होतात. भारतात एक्स-रे यंत्रांच्या परवान्याचे आणि गुणवत्तेच्या तपासणीचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

एक अडचण मात्र सहज लक्षात येत नाही. मॅमोग्राफी घेताना स्तन दोन पट्ट्यांत दाबलेला असतो. एमआरआय घेताना बाई पालथी झोपलेली असते, स्तन खाली लोंबतो. आणि ऑपरेशनच्या वेळी ती उताणी असते, हात बाजूला पसरलेला, स्तन छातीवर पसरून काखेकडे सरकलेला. म्हणजे गाठ तीच, पण तिन्ही वेळा जागा वेगळी. एमआरआयच्या चित्रावरून सर्जनला वाट दाखवणाऱ्या संगणकाला हे सरकणे हिशेबात धरावे लागते. त्याची परीक्षा घ्यायची तर नकली स्तनही खऱ्यासारखाच लोंबला पाहिजे, पसरला पाहिजे. म्हणून आता रुग्णाच्या स्कॅनवरून त्रिमितीय छपाईने साचा काढतात. चरबीचा भाग मऊ, दुधाच्या ग्रंथींचा भाग थोडा घट्ट, गाठ सर्वांत टणक, असे वेगवेगळे थर ओततात.

मग प्रश्न येतो की नमुना कोणाच्या स्तनाचा? साठी उलटलेल्या गोऱ्या स्त्रीचा स्तन बहुधा जास्त चरबीचा असतो. भारतात या रोगाच्या स्त्रिया पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण असतात. तरुण वयात स्तनात ग्रंथींचा भाग जास्त, म्हणजे स्तन दाट असतो. मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी दिसते. चरबीच्या नमुन्यावर छान चाललेले यंत्र दाट स्तनात गोंधळू शकते. त्वचेचेही तसेच. बाहेरून प्रकाश टाकून आत पाहणाऱ्या यंत्रांना त्वचेतले मेलॅनिन, म्हणजे काळेपणा देणारे द्रव्य, अडथळा करते. कोविडच्या काळात घराघरात पोहोचलेले, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे यंत्र आठवा. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की खरा ऑक्सिजन कमी असूनही यंत्राने ठीक आहे असे दाखवण्याची चूक गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा झाली. यंत्राच्या मनात भेदभाव नसतो. ते ज्या शरीरांवर जुळवले जाते त्यांनाच ते ओळखते. म्हणून आता चांगल्या प्रयोगशाळा फँटमवर गहू, सावळ्या आणि काळ्या रंगाचे थर चढवूनही तपासणी करतात.

नमुना कितीही चांगला असला तरी तो श्वास घेत नाही. त्यातून रक्त वाहत नाही आणि त्याला औषधाची ॲलर्जी होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२४ मध्ये ‘लुमिसाइट’ या चमकणाऱ्या औषधाला मान्यता दिली. गाठ काढल्यावर राहिलेल्या पोकळीत एक छोटा कॅमेरा धरून उरलेला रोग शोधायचा, असा त्याचा उपयोग. त्यामुळे काही स्त्रियांचा राहिलेला रोग त्याच ऑपरेशनमध्ये सापडला आणि निघाला. पण स्त्रियांवरच्या चाचणीत त्याला प्रत्येक उरलेली जागा दिसली नाही, आणि मोजक्या रुग्णांना तीव्र ॲलर्जी झाली, म्हणून औषधावर ठळक इशारा छापावा लागला. जेलीवरची परीक्षा ही पहिली पायरी आहे. त्यानंतर माहिती देऊन, संमती घेऊन माणसांवर चाचणी करावीच लागते. नुसते जेलीवर चालले म्हणून ‘शंभर टक्के अचूक’ अशी जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वस्तीत कधी कधी उष्णतेचा कॅमेरा घेऊन ‘न दुखता कॅन्सर तपासणी’ची शिबिरे येतात. ती तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

नकली स्तनाचा आणखी एक उपयोग आपल्या जास्त जवळचा आहे. सिलिकोनच्या स्तनात लहान-मोठ्या गाठी बसवून त्यावर बोटांना शिकवतात: कुठे किती दाबायचे, ग्रंथी कशी लागते, गाठ कशी लागते. शिकलेल्या बोटांचे महत्त्व मुंबईच्या वस्त्यांनीच जगाला दाखवले आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षे मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. त्या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नास वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. हे निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महागडा कॅमेरा नव्हता, पण शिकवलेला हात होता.

ऑपरेशन ठरलेल्या बहिणीने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: माझा स्तन वाचवता येईल का, नसेल तर का नाही? काढलेल्या तुकड्याची कड ऑपरेशनच्या वेळीच तपासण्याची इथे सोय आहे का? पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता किती? रेडिएशन कुठे, किती दिवस? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. सोबत कुणी वाचता-लिहिता येणारे असेल तर उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावे.

पॅथॉलॉजीचा अहवाल आला की त्यात ‘मार्जिन’ हा शब्द शोधा. त्यापुढे ‘निगेटिव्ह’ किंवा ‘फ्री’ असेल तर शाईला रोग टेकलेला नाही. ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ असेल तर त्याच आठवड्यात सर्जनला भेटायचे, पुढच्या पगाराची वाट पाहायची नाही. आणि अहवालाबरोबर मेणाचे ठोकळे व काचपट्ट्या कुठे ठेवल्या आहेत हेही विचारून ठेवायचे, कारण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा तेच मागतात.